शेती संरक्षणाची बंदूक आणि घरातले कागद : कपाट आतून कसे लावावे, आगीपासून कसे राखावे



भात निसवू लागले की कोकणात रानडुकरांची राखण सुरू होते. पुढे काजू-आंब्याच्या दिवसांत माकडे आणि वानरे येतात. म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम वेगळा आहे. जनावरावर बार टाकायचा तर वनखात्याला आधी विचारावेच लागते.

आजचा विषय मात्र रानातला नाही, घरातला आहे. बंदूक आली की तिच्यासाठी लोखंडी कपाट येते. कुलपाचे कपाट घरात आले की घरची माणसे हळूहळू सगळेच त्यात ठेवू लागतात. खरेदीखत, वाटणीपत्र, पासबुके, मुलांचे दाखले, थोडे सोने, थोडी रोकड, आणि खालच्या खणात दारूचा डबा व केपांची डबी. कुलूप लागले म्हणजे सगळे सुरक्षित, असे आपल्याला वाटते. चोरापुरते ते खरे आहे. आगीपुढे मात्र त्या कुलपाचा काहीच उपयोग नाही. उलट चुकीच्या वस्तू एकत्र कोंडल्या तर तेच कपाट घरातली सर्वांत धोक्याची वस्तू होते.

लोखंडी कपाट आगीत काय करते?

नेहमीच्या कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. लोखंड उष्णता चटकन पुढे पोचवते. भाकरीचा तवा खालून तापला की वर हात ठेववत नाही, तसेच हे. घराला आग लागली, वासे-रिपा पेटल्या, की खोलीतली उष्णता ६०० अंशांच्या वर सहज जाते. कागद साधारण २३० अंशांच्या पुढे करपू लागतो. त्यासाठी ज्वाला आत शिरण्याची गरज नाही. बाहेरचा पत्रा तापला की थोड्याच मिनिटांत आतले कागद बंद भट्टीत ठेवल्यासारखे काळे पडतात.

आगीसाठी मुद्दाम बनवलेल्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा थर असतो. कागदांसाठीच्या तिजोरीची कसोटी अशी : बाहेर आग असताना ठरलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे अर्धा तास, एक तास वा दोन तास, आतली उष्णता १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. म्हणून विकत घेताना ‘फायरप्रूफ’ या शब्दावर न जाता किती तासांची चाचणी झाली आहे, तो शिक्का कुठे आहे, हे विचारून घ्या. पेन ड्राइव्हसारख्या वस्तू तर ५२ अंशांच्या पुढे भरवशाच्या राहत नाहीत. कागदाच्या तिजोरीत त्या वाचतीलच असे समजू नये.

आधी निवड करा, मग मांडणी

कपाटात काय ठेवायचे, यापेक्षा काय ठेवायचे नाही हे आधी ठरवा.

१. सातबारा, आठ-अ यांची काळजी आता तितकी नको. डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा काढता येतो. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळते, फक्त दस्ताचा क्रमांक आणि वर्ष हाती हवे. ते एका वहीत लिहून ती वही दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे ठेवा.

२. नोंदणी न झालेले जुने कागद, हस्तलिखित वाटण्या, जुन्या पावत्या, फोटो यांची दुसरी प्रत कुठेच नसते. आगीत गेले तर गेले. खरी जपणूक यांची हवी. एकदा तालुक्याला जाऊन त्यांच्या झेरॉक्स करून घ्या.

३. मृत्युपत्र घरातच ठेवले पाहिजे असे नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे ते बंद पाकिटात निबंधकांकडे ठेवता येते.

४. रोकड शक्यतो ठेवूच नये. जळून करपलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटा गावच्या बँकेत बदलून मिळत नाहीत. त्यांचा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडे करावा लागतो.

५. सोने १०६४ अंशांना वितळते, चांदी ९६२ अंशांना. घरच्या आगीत दागिने बहुधा सापडतात, पण राखेतून शोधावे लागतात. पुरचुंडीऐवजी छोट्या पितळी वा स्टीलच्या डबीत ठेवले तर शोधायला सोपे.

दारू आणि केपा : कपाटात कधीही नाही

या पत्रिकेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

काळी दारू मोकळ्यावर पेटली तर भसकन जळून जाते. तीच दारू घट्ट बंद लोखंडी पेटीत पेटली की धुराला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि पेटी फुटते. पत्र्याचे तुकडे सुसाट उडतात. म्हणजे दारूला लोखंडी तिजोरीत ठेवणे म्हणजे आपल्याच हाताने बॉम्ब करणे. आग विझवायला शेजारची माणसे कळशा-बादल्या घेऊन धावत येतात, ती नेमकी त्याच भिंतीपाशी उभी असतात.

म्हणून दारू निराळ्या लाकडी पेटीत ठेवावी. पेटीला कुलूप असावे, पण सांधे इतके मजबूत नसावेत की दाब कोंडून राहील. विक्रेत्याकडून ज्या डब्यात मिळाली त्याच डब्यात दारू राहू द्या. काचेच्या बाटलीत किंवा फिरकीच्या झाकणाच्या लोखंडी डब्यात भरू नका. केपा दुसऱ्या जागी, वेगळ्या कुलपात. दोन्ही गोष्टी चूल, देवघरातला दिवा, विजेचा बोर्ड, डिझेलचे कॅन आणि गॅसची टाकी यांच्यापासून दूर. परवान्यावर जितकी लिहिली आहे त्याहून जास्त दारू घरात असता कामा नये, आणि हंगामाला लागेल तेवढीच आणावी.

पावसाळ्यात दारूला ओल धरते. मग कोणी ती चुलीच्या उबेला किंवा तव्यावर वाळवायला जाते. असे कदापि करू नका. एका ठिणगीने हात आणि डोळे जातात. ओल धरलेली दारू वाळवू नये, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याला विचारून तिची विल्हेवाट लावावी.

भरलेली बंदूक

राखणीवरून पहाटे आले, डुक्कर काही दिसले नाही, बार तसाच नळीत राहिला, आणि बंदूक तशीच कपाटात गेली. हे फार घरांत होते. “उद्या परत जायचंच आहे” असे म्हणतात. पण भरलेली बंदूक आगीत तापली की आपोआप सुटते, आणि नळीतून सुटलेला बार हा नेहमीच्या बारासारखाच जातो. कपाटाचा पातळ पत्रा त्याला अडवत नाही.

काडतुसाचे थोडे निराळे आहे. मोकळे काडतूस आगीत फुटते, पण नळीचा आधार नसल्याने त्यातले छर्रे त्या जोराने जात नाहीत. तरी जवळच्या माणसाला इजा होतेच. म्हणून नियम एकच : घरात येणारी बंदूक रिकामी असली पाहिजे. बार शेतातच, सुरक्षित दिशा पाहून मोकळा करावा. नंतरच बंदूक उंबरठ्याच्या आत आणावी.

कपाटाची जागा

- माळ्यावर कपाट ठेवू नका. आग वरच्या बाजूला जास्त असते, आणि तक्तपोशी जळाली की कपाट वरून खाली कोसळते. तळमजल्यावर ठेवा.
- स्वयंपाकघर, लाकूडफाट्याची पडवी आणि गवताची गंजी यांच्याशी लागून असलेली भिंत टाळा.
- आपल्या जुन्या घरांतल्या जांभ्याच्या जाड भिंतीत फडताळ असते. जांभा, वीट, माती हे जळत नाहीत आणि उष्णता सावकाश पुढे देतात. अशा फडताळात लोखंडी पेटी बसवली तर तीन बाजूंचे संरक्षण फुकट मिळते. राहते फक्त दार.
- पेटी जमिनीपासून चार-सहा इंच उंच चौथऱ्यावर बसवा. आग विझवताना ओतलेले पाणी खोलीत साचते. भिंतीत किंवा चौथऱ्यात बोल्टने आवळून टाका, म्हणजे चोराला उचलून नेता येणार नाही.

जमिनीत पुरावे काय, असे कोणी विचारील. मातीखाली आग पोचत नाही हे खरे. पण पाणी पोचते. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवे होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांचे फार नुकसान झाले. आपल्या पावसात तर कागद जमिनीखाली टिकायचे नाहीत.

आतून जिप्समचा थर

साधे कपाट असेल आणि खास तिजोरी घेणे परवडत नसेल, तर आतून जिप्समच्या पाट्या बसवून आगीपुढे काही मिनिटे वाढवता येतात. जिप्सम कसे काम करते ते समजून घ्या. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असते, ते स्फटिकात बांधलेले असते. पाटी तापली की ते पाणी वाफ होऊन निघू लागते. सगळे पाणी निघेपर्यंत बरीच उष्णता त्यातच खर्ची पडते. पाण्याचे भांडे चुलीवर असते तोवर भांड्याचे बूड लाल होत नाही, तसाच हा प्रकार.

हिशेब करून पाहू. कपाट ५ फूट उंच, दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल आहे. दारासह सहाही बाजूंचे क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस फूट. साडेबारा मिलिमीटरच्या पाट्यांचे दोन थर बसवले तर वजन ५० किलोच्या आसपास वाढते, आणि त्यात सुमारे १० लिटर पाणी बांधलेले असते. आतली जागा प्रत्येक दिशेने दोन इंच कमी होते. एकट्या दारावर १२ किलो भार येतो. म्हणून बिजागऱ्या आधी तपासा, लागल्यास जादा बसवून घ्या.

बसवताना तीन गोष्टी पाळा. पहिली, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नका. दुसरी, दाराच्या कडेची फट सर्वांत वाईट, उष्णता तिथूनच घुसते. आगीत फुगून फट बुजवणारी पट्टी मिळते, ती चौकटीला लावा. तिसरी, थर्माकोल, फोम किंवा प्लायवूडने ही जागा भरू नका. थर्माकोल नि फोम वितळून पेटतात.

एवढे केले तरी घरी केलेला थर चाचणी झालेल्या तिजोरीच्या तोडीचा होत नाही. आणि कारखान्यातून आलेल्या अग्निरोधक तिजोरीला मात्र खिळ्या-स्क्रूसाठी भोके पाडू नका, तिचा थर फुटतो. फार जुन्या तिजोरीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती फोडू किंवा घासू नका. ती धूळ फुप्फुसाला घातक आहे.

आतली मांडणी

बंदूक गजासकट मोजा, त्यात चार बोटे मिळवा. तेवढी उंची जिप्सम बसल्यावर उरली पाहिजे. एका बाजूला उभा खण बंदुकीचा, दुसऱ्या बाजूला आडवे खण.

बंदुकीच्या खणात वर-खाली एकेक लाकडी ठोकळा बसवा आणि त्यात नळी-दस्ता बसेल अशी खाच करा. लाकूड चांगले वाळलेले सागाचे किंवा शिवणीचे असावे, ओल्या लाकडाने नळीला गंज चढतो. खाचेला फोमऐवजी घोंगडीचा तुकडा लावा. लोकर सहज पेट घेत नाही. बंदूक चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये, चामड्यातली ओल आणि क्षार नळीला खातात. बरेच दिवस ठेवायची असेल तर नळीचे तोंड खाली करून ठेवा. नाहीतर नळीतले तेल निथळून दस्त्याच्या लाकडात मुरते.

कागद सर्वांत वरच्या खणात ठेवू नका. गरम हवा वर जाते, तोच खण आधी तापतो. खालून दुसरा खण उत्तम. कागद कपाटाच्या बाजूला टेकू नयेत, मध्ये वीतभर अंतर राहू द्या. शक्य असेल तर कागदांपुरती लहान अग्निरोधक पेटी घेऊन ती या खणात बसवा. बंदुकीपेक्षा कागदांना आगीचे संरक्षण जास्त लागते, आणि कागदांना जागा थोडी लागते.

कागद प्लास्टिकच्या फाइलीत ठेवायची आता सवय झाली आहे. पण प्लास्टिक कागद करपण्याच्या फार आधी वितळते आणि कागदाला चिकटते. जुन्या लोकांची रुमालात दप्तर बांधून ठेवण्याची रीत इथे उपयोगी आहे. सुती कापडात घट्ट आवळून बांधलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही, त्यामुळे कडा करपल्या तरी मधले कागद पुष्कळदा वाचतात. जिप्समच्या वाफेने किंवा विझवण्याच्या पाण्याने गठ्ठा भिजेल. भिजू दे. भिजलेला कागद वाळवता येतो, जळलेला नाही.

दाराच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवा : बंदुकीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, नूतनीकरणाची तारीख. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षांची झाली आहे. मुदत लांबली की तारीख विसरायलाही होते. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली की तिची पावतीही इथेच अडकवा. यादीची दुसरी प्रत घराबाहेर ठेवा.

किल्ली देवघराच्या खिळ्याला नको. परवाना ज्याच्या नावावर आहे, किल्ली त्याच्याकडेच. घरात परवाना नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक देणे हा गुन्हा आहे, मग तो मुलगा असला तरी.

पावसाळ्यातली ओल

जिप्सम आणि जांभा दोन्ही ओल धरतात. आगीची सोय केली आणि बंदूक गंजून गेली, असे होऊ नये. मृगाच्या आधी सिलिका जेलच्या पिशव्या कपाटात ठेवा. रंग बदलला की त्या ओलीने भरल्या असे समजून साधारण ११० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. कळीचा चुना ठेवू नका, पाणी लागले की तो स्वतःच तापतो. आत दिवा लावून ठेवण्याची जुनी युक्तीही नको, कागदाजवळ तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण.

पंधरवड्यातून एकदा कोरड्या दिवशी दार तासभर उघडे ठेवून आपण समोर बसा. ठासणीच्या दारूची काजळी ओल ओढून घेते. म्हणून बार टाकल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवून, पूर्ण कोरडी करून, तेलाचा हात द्यावा.

आग लागलीच तर

आधी माणसे आणि गुरे बाहेर. १०१ किंवा ११२ ला फोन करा. आलेल्या प्रत्येक माणसाला मोठ्याने सांगा, “बंदूक अमुक खोलीत आहे, दारू तमुक ठिकाणी आहे, त्या बाजूला जाऊ नका.” हे सांगायला लाजू नका किंवा घाबरू नका. न सांगितल्याने दुसऱ्याचा जीव जातो. कपाट ओढून काढायला कोणीही आत जाऊ नये. खरेदीखताची नक्कल सरकारात मिळते, गेलेल्या माणसाची मिळत नाही.

विझल्यावर कपाट लगेच उघडू नका. आतले कागद तापून वाळलेले असतात, दार उघडताच हवा मिळून ते भडकतात. बाहेरचा पत्रा हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत, निदान एक दिवस थांबा. ओले कागद सावलीत, वाऱ्यावर, एकेक सुटा करून वाळवा. घाईने ओढू नका.

आगीतून निघालेल्या बंदुकीने पुन्हा बार टाकू नये. वरून चांगली दिसली तरी तापल्याने नळीचे आणि कमानीचे पाणी उतरलेले असते, ती हातात फुटू शकते. पोलीस ठाण्यात कळवून परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. बंदूक सापडली नाही तर तेही ताबडतोब कळवले पाहिजे.

नेहमीच्या दोन शंका

*दारू दुसरीकडे ठेवली तर पोरांच्या हाती लागेल, त्यापेक्षा तिजोरी बरी नाही का?*
पोरांसाठी कुलूप हवे, ते बरोबर. ते लाकडी पेटीलाही लावता येते. पेटी भिंतीत उंचावर बसवा. तिजोरीची जाडी पोरांसाठी लागत नाही, आणि आगीत तीच घात करते.

*आमचे घर आता स्लॅबचे आहे. मग एवढे कशाला?*
स्लॅब जळत नाही, पण घरातल्या गाद्या, कपडे, लाकूड, प्लास्टिक जळते. स्लॅबच्या बंद खोलीत उष्णता कोंडून राहते.

थोडक्यात

- बंदूक रिकामी करूनच घरात आणावी.
- दारू, केपा आणि बंदूक यांच्या तीन जागा, तीन कुलपे. दारू लोखंडी पेटीत नाही.
- कपाट तळमजल्यावर, चौथऱ्यावर, शक्यतो जाड भिंतीच्या फडताळात.
- कागद कापडात घट्ट बांधून खालून दुसऱ्या खणात. नकला घराबाहेर.
- आत फोम, थर्माकोल, चामडे नाही.
- आगीत कपाटासाठी कोणी आत जायचे नाही.

भातकापणी झाली की घराभोवती गवताच्या गंज्या उभ्या राहतात आणि फाल्गुनापासून डोंगरात वणवे दिसू लागतात. त्याआधी एक दिवस काढा, कपाट पूर्ण रिकामे करा, आणि त्यातली कोणती वस्तू तिथे नको ते घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा. परवान्याबद्दल शंका असल्यास आपल्या पोलीस ठाण्यात, आणि पीक राखणीच्या इतर उपायांसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारणा करावी.